जाहिरात मीच टाइप केली होती

पीएच.डी.च्या आणि संशोधन प्रकल्पांच्या जागा जाहीर करणाऱ्या सर्व मार्गदर्शकांना खुले पत्र

दांडिया बाजार, बडोदे

आदरणीय सर आणि मॅडम,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी काहींकडे माझा अर्ज पडून आहे. गेल्या तीन वर्षांत मी पीएच.डी.च्या आणि प्रकल्पांतल्या जागांसाठी एकवीस अर्ज केले. उत्तरं आली सहा, तीही 'आपला मेल मिळाला' असं यंत्राने पाठवलेलं एक धरून. चार मुलाखती झाल्या. तीन ठिकाणांहून निकाल कळलाच नाही. चौथ्या ठिकाणचा कळला तो माझ्या शेजारी बसलेल्या मुलीकडून. तिची निवड झाली होती, आणि मी वाट बघत बसू नये म्हणून तिने बिचारीने आपणहून फोन केला.

माझा विषय पर्यावरणशास्त्र, एम.एस्सी. २०२१. नदीच्या गाळातले जड धातू मोजणं हे माझं काम, आणि नदी घरचीच, विश्वामित्री.

आमच्या आजीला हा सगळा प्रकार समजावून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. जाहिरात येते, आपण अर्ज करतो, पैसे भरतो, ते बोलावतात, प्रश्न विचारतात, 'कळवतो' म्हणतात. "मग?" मग काही नाही. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग पत्रिका जुळत नाही, एवढं तरी कळवावं की माणसाने."

तिच्या काळी मुलगी पसंत नसो, देण्याघेण्याचं फिसकटलेलं असो, नाहीतर मुलाचं आधीच दुसरीकडे ठरलेलं असो, मध्यस्थाच्या तोंडी निरोप हाच यायचा. पत्रिका कोणी उघडूनही पाहिलेली नाही हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असायचं. पण निरोप आला की मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी पुढचं स्थळ बघायला मोकळे. आम्हाला ते मोकळं होणंही मिळत नाही. एका वर्षी जूनमध्ये एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी माझ्या हातात होती. त्याच आठवड्यात एका विभागात मुलाखत झाली आणि 'पंधरा दिवसांत कळवतो' असं सांगण्यात आलं. मी शाळेला थांबायला सांगितलं. शाळा काही थांबली नाही.

एका जर्मन संस्थेचा नकार मात्र आला. पाच ओळींचा, सातव्या आठवड्यात. मी तो छापून फाईलला लावून ठेवला आहे, हसू नका. तिकडे पीएच.डी.ची जागा म्हणजे बहुतेक वेळा रीतसर नोकरीच असते. जाहिरातीतच वेतनश्रेणी दिलेली असते आणि तिचा किती हिस्सा मिळणार तेही असतं: 'ई १३, ६५ टक्के'. आपल्याकडच्या जाहिरातीत असतं 'नियमानुसार'. कोणत्या नियमानुसार हे विचारायला फोन केला तर समोरून 'बेन, काले आवजो', म्हणजे ताई, उद्या या.

बडोद्याच्या माणसाने पत्र लिहिलं आणि त्यात सयाजीराव आले नाहीत तर शेजारीपाजारी विचारतात, बरं वाटत नाहीये का? म्हणून तेवढं उरकून घेते. १९१३ मध्ये बडोदे सरकारने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते दरमहा साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची अशा करारावर. करार पुढे कसा मोडला आणि याच गावात त्यांना राहायला खोलीसुद्धा कशी मिळाली नाही, तो भाग आमच्याकडच्या भाषणांत जरा घाईने उरकतात. मला त्यातला करारच आठवत राहतो. काय मिळेल, किती काळ मिळेल, बदल्यात काय द्यावं लागेल, हे तिन्ही बोटीत पाय ठेवायच्या आधी कागदावर होतं.

आता आमचे कागद.

पहिल्याच मेलला तुमच्यातले बहुतेक जण एक प्रश्न विचारता, "फेलोशिप आहे का?" प्रश्न रास्त आहे. जेआरएफ, म्हणजे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, असलेला विद्यार्थी महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं घेऊनच येतो, त्याचा तुमच्या प्रकल्पावर भार नाही. जेआरएफ नाही त्यांच्यासाठी गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे, महिना १५,००० आणि वर्षाला किरकोळ खर्चाला २०,०००. पण ती मिळते पीएच.डी.ला नाव दाखल झालेल्यांना. नाव दाखल करायला गाईड लागतो. गाईड विचारतो, फेलोशिप आहे का? महाराष्ट्रात सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपा आहेत, त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांना. आमचं घराणं गायकवाडांच्या कारकुनीत इकडे आलं त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. घरात मराठी बोलतो, दिवाळीला चिरोटे करतो, एवढ्यावर डोमिसाईल मिळत नाही, आणि मिळू नये हेही मला पटतं. पण मग इकडचा प्रश्न इकडेच सुटायला हवा ना?

नेटचं तर विचारूच नका. १८ जून २०२४ ला मी पेपर दिला. १९ ला रात्री शिक्षण मंत्रालयाने परीक्षाच रद्द केली. नऊ लाखांवर मुलांनी दिलेली परीक्षा! पुन्हा झाली ती २१ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात, संगणकावर. माझा पेपर आटोपला आणि थोड्याच दिवसांत विश्वामित्रीला पूर आला. मी तेव्हा समा भागात आत्याकडे होते. कमरेएवढं पाणी घरात. आत्याने गव्हाचा डबा माळ्यावर चढवला, मी फाईल. आत्या अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "दारात मगर आली असती तरी हिने आधी फाईल वर दिली असती."

दिलीच असती. त्या फाईलमध्ये दहावीपासूनच्या गुणपत्रिका आहेत, प्रोव्हिजनल आहे, मायग्रेशन आहे, सीजीपीएचे टक्के करून देणारं विद्यापीठाचं पत्र आहे. ते पत्र मिळवायला तीन खिडक्या आणि अकरा दिवस लागले होते. शिवाय चारित्र्याचे दोन दाखले, कारण पहिला सहा महिन्यांहून जुना म्हणून परत आला. सहा महिन्यांत माझं चारित्र्य कुठे जाणार होतं कोण जाणे. या सगळ्याचे तीन-तीन साक्षांकित संच तुम्ही अर्जासोबतच मागता. मुलाखतीला बोलावणार की नाही याचा पत्ता नसताना!

निकालात मी 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' या गटात आले. ही सोय यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२४ मध्येच केली. नेटच्या गुणांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के, म्हणजे विद्यापीठागणिक वेगळी प्रवेश परीक्षा द्यायला नको. सोय खरंच चांगली आहे. एवढंच की या गटातल्यांचे गुण एक वर्षच चालतात. दुधाच्या पिशवीवर असते तशी माझ्या गुणांवर तारीख होती. निकाल लागला ऑक्टोबरमध्ये. ज्या विभागात मला जायचं होतं त्यांची जाहिरात निघाली पुढच्या ऑगस्टमध्ये, आणि मुलाखती ठेवल्या नोव्हेंबरमध्ये. टेबलापलीकडून एकांनी चष्मा वर करून विचारलं, "तुमची मुदत संपली ना हो?" संपली होती. माझी फी घेतली तेव्हा संपली नव्हती.

मी एक वही केली आहे, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. कोणाकडे कोण, कोणत्या विषयावर, कधीपासून, ही यादी विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवायची असते. म्हणजे शिस्तीत चाललं तर माझ्यासारखीला घरबसल्या वजाबाकी करून कळायला हवं, कुठे जागा आहे आणि कुठे टपाल वाया घालवू नये. मी वजाबाकी करते. मग कळतं की यादी चार वर्षं जुनी आहे. एका यादीत 'संशोधन चालू' म्हणून ज्याचं नाव आहे, त्याच्या मुलाच्या बारशाला मी जाऊन आले. तो पुण्यात बँकेत आहे. दुसऱ्या एका ठिकाणी 'होतकरू विद्यार्थ्यांचं स्वागत' असं पान होतं. मी पाच पानांचा प्रस्ताव पाठवला, आणि चार महिन्यांनी त्या सरांच्या निवृत्तीच्या समारंभाचे फोटो पाहिले.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की नाकारलेली आणखी एक पोरगी रडते आहे. तसं असतं तर हे मी आजीला सांगून गप्प बसले असते. मी पलीकडच्या बाजूलाही होते.

२०२२ मध्ये मी एका विभागात आठ महिने बिनपगारी काम केलं. विभागाचं नाव सांगत नाही, कारण हेच तुमच्याही विभागात घडलेलं असणार. गाळाचे नमुने आणायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, खलायचे, चाळायचे, आम्लात शिजवायचे, प्रत्येक पिशवीवर तारीख-ठिकाण लिहायचं. मग सरांचा प्रकल्प मंजूर झाला. त्यात प्रोजेक्ट फेलोची एक जागा होती. नियमाप्रमाणे ती जाहीर करायला हवी. सर म्हणाले, "मसुदा तू कर. आवश्यक पात्रता नियमातली घाल. इष्ट पात्रता तुझ्याकडे बघून घाल."

शिंप्याने मापं घ्यावीत तशी मी स्वतःची मापं घेतली. 'नदीतील गाळाचे नमुने घेण्याचा अनुभव. ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताळण्याचे ज्ञान. स्थानिक भाषांचे ज्ञान.' वयोमर्यादासुद्धा बघून घेतली. मगरींची भीती नसावी, एवढंच घालायचं राहिलं. शेवटी जुन्या जाहिरातींवरून नेहमीची वाक्यं उचलली: जागा निव्वळ तात्पुरती असून प्रकल्पाबरोबर संपेल, मुलाखतीसाठी प्रवासखर्च दिला जाणार नाही, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं व पाच रुपयांचं तिकीट लावलेलं पाकीट जोडावं.

अकरा अर्ज आले. पाच जणांना बोलावलं, त्यांत मी. मुलाखतीच्या दिवशी खुर्च्या मांडल्या मीच, पाण्याच्या बाटल्या आणल्या मीच. सह्यांच्या कागदावर माझं नाव तिसऱ्या क्रमांकावर घातलं, पहिलं असलेलं बरं दिसणार नाही म्हणून.

नंदुरबारहून एक मुलगा आला होता. रात्रभर प्रवास करून, सुरतेला गाडी बदलून. शर्टाला घडीच्या रेघा तशाच होत्या, म्हणजे तो स्टेशनवरच बदललेला असणार. मांडीवर रेक्झिनच्या बांधणीतला एम.एस्सी.चा प्रबंध. मी आईशी फोनवर बोलत होते ते त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "ताई, तुम्ही मराठी? मला वाटलं इथं सगळं गुजरातीतच विचारतील." मग रुमालात बांधलेले शेंगदाणे आणि गूळ पुढे केला. मी घेतला. "जागा नक्की किती आहेत?" एक, मी म्हटलं. "म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी एक," तो म्हणाला.

तो आत पंचवीस मिनिटं होता. तापीच्या गाळावर त्याने काम केलं होतं, आणि बाहेर ऐकू येत होतं की सरांना ते आवडतंय. एकदा तर हसण्याचाही आवाज आला. मी चार मिनिटांत बाहेर आले. चार मिनिटांपैकी दोन मला प्रश्नच नव्हते, सगळे चहाचे कप शोधत होते. संध्याकाळी सर म्हणाले, "तो नंदुरबारचा पोरगा चांगला होता." बस, एवढंच.

सर वाईट माणूस नव्हते. आठ महिने फुकट राबलेल्या मुलीला बाजूला सारून त्यांनी त्याला घेतलं असतं, तर मी आज त्याबद्दल पत्र लिहीत असते. मला ती जागा मिळाली यात मला फारसं वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते हे की मला जागा देण्यासाठी चार माणसांना खोट्या मुलाखतीला बोलावून आणावं लागलं, आणि त्यांतल्या एकाने शेंगदाणे आणले होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, बाकीच्या दहा जणांना एक मेल टाकू का? प्रकल्पाच्या मेलचा पासवर्ड माझ्याकडेच होता. सर जरा थांबले. म्हणाले, "राहू दे. लेखी दिलं की लोक माहितीच्या अधिकारात गुण मागतात. मग उत्तरं देत बसा." तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तुमचं गप्प बसणं हा नुसता आळस नसतो, त्यामागे भीतीही असते. नकार दिला की त्याचं कारण द्यावं लागेल, आणि कारण तर मी टाइप केलेलं होतं. मी मेल टाकला नाही. मला महिन्याचा पगार नुकता सुरू व्हायचा होता.

चौदा महिन्यांनी प्रकल्पाचा पुढचा हप्ता आला नाही आणि जागा संपली. तसं जाहिरातीत लिहिलंच होतं.

म्हणून माझं मागणं जे आहे ते मला स्वतःला आधी लागू होतं. तुमच्याकडे त्या कामावर आधीपासून कोणी असेल, तर तिची थेट नेमणूक करता यावी असा आग्रह निधी देणाऱ्यांकडे आणि विद्यापीठाकडे उघडपणे धरा. बैठकांना तुम्हीच बसता, आम्ही नाही. तोवर जाहिरातीत एक वाक्य घाला: 'या कामावर विभागात सध्या एक व्यक्ती असून तीही अर्ज करणार आहे.' अर्ज तरीही येतील. कोणी ते वाक्य वाचूनही रात्रीची गाडी पकडेल, पण ते जाणूनबुजून पकडेल.

पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या. करोनात तुम्ही पीएच.डी.च्या अंतिम तोंडी परीक्षासुद्धा व्हिडिओवर घेतल्या, तेव्हा कोणाची पदवी कच्ची राहिली नाही. साक्षांकित संच निवड झाल्यावर मागा. संकेतस्थळावरच्या याद्यांचं मी बोलतच नाही, ते काम कोणाचं यावरच तुमच्यात दोन बैठका होतील. आणि नकार कळवा. सगळ्यांना मिळून एकच ओळ चालेल, पत्ते झाकून, एका क्लिकवर. तुम्हाला कारकून नाही, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं आहेत, पेपर तपासायचे आहेत, सगळं मान्य. पण तो मेलचा डबा मी चौदा महिने रोज उघडत होते. दहा ओळींची जागा होती त्यात.

विभाग सोडताना मी कपाट आवरलं. खालच्या खणात रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा होता. अर्जांसोबत आलेली, स्वतःचे पत्ते लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटं. मी ती टाकायला निघाले तर शिपाईकाका म्हणाले, "रहेवा दो बेन, टिकिट काम आवशे." मी गठ्ठा त्यांना दिला. त्याआधी त्यातलं एक काढून घेतलं. वळणदार अक्षर, खाली 'जि. नंदुरबार', पिनकोडच्या सहा चौकटींत सहा आकडे नीट बसवलेले. ते पाकीट तेव्हापासून माझ्या फाईलमध्ये होतं. पुरात तेही माळ्यावर गेलं.

गेल्या महिन्यात मी त्यात एक कागद घातला. जागा आधीच ठरलेली होती, ती माझी होती, आणि तुमची मुलाखत माझ्याहून चांगली झाली, एवढंच लिहिलं. मागच्या बाजूला माझा पत्ता घातला आणि रावपुऱ्याच्या पोस्टात पेटीत न टाकता खिडकीवर दिलं, न जाणो जुनं तिकीट चालत नसेल तर. बाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि शिक्का मारला.

अजून उत्तर आलेलं नाही.

आपली नम्र,
एक अर्जदार
(अर्ज क्रमांक तुमच्याकडे असेलच)